कलकत्ता ते बँकाक, सव्वादोन तास

मेहकरच्या एस.टी. स्टँडवरचा शालिग्राम कंट्रोलर म्हणजे चालतंबोलतं वेळापत्रक. गाडी कुठं अडकली हे त्याला सांगता येत नसे, पण या घटकेला ती कुठं असायला हवी हे तो डोळे मिटून सांगे. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा गाव वर्षभर गोंधळलं. यानं मात्र आठवडाभरात सगळे रस्ते नव्यानं पाठ केले.

एका सकाळी जनकाबाई त्याच्या खिडकीशी आल्या. त्यांचा सहदेव हिवताप खात्यात होता. सरकार त्याला शिकायला बँकाकला पाठवत होतं, कलकत्त्याहून विमानानं.

"भाऊ, कलकत्त्याहून बँकाकले किती वेळ लागते?"

शालिग्रामच्या वेळापत्रकात बँकाक नव्हतं. "उद्या सांगतो, काकू."

दुपारी जेवण सोडून तो शाळेत गेला. किसनराव मास्तरांनी पृथ्वीचा गोल काढून दिला. दोघांनी त्यावर दोरा धरला. अंतर सोळाशे किलोमीटर भरलं.

"जेट विमान तासाले सातशेच्या वर जाते," मास्तर म्हणाले.

"मधात थांबा कुठी?"

"खाली समुद्र हाय, शालिग्राम."

"चहाले बी नाही थांबत?"

"नाही."

शालिग्रामनं नाखुशीनंच भागाकार केला. सव्वादोन तास. मेहकरहून बुलढाण्याला जायला याहून जास्त लागत.

हे ऐकून जनकाबाईंना मोठा धीर आला. पोरगा बुलढाण्यापेक्षाही जवळ चालला, असं त्या आळीभर सांगत सुटल्या.

वीस दिवसांनी सहदेवचं पत्र आलं. 'सकाळी दहाला निघालो, पावणेदोनला पोचलो.' स्टँडवरच्या मंडळींनी बोटांवर मोजलं. पावणेचार तास झाले.

"काऊन बे शालिग्राम, विमान बी लेट का?" पानवाल्यानं विचारलं.

शालिग्रामच्या फार जिव्हारी लागलं. उशिरा आलेल्या गाडीचा दोष त्यानं आजवर कधी अंगाला लावून घेतला नव्हता, पण हे अंतर त्याचं स्वतःचं होतं. तो तडक मास्तरांकडे गेला. मास्तरांनी गोल खिडकीच्या उन्हात धरून सावकाश फिरवला. बँकाक आधी उजेडात आलं, कलकत्ता मागाहून.

"तिकडं सूर्य आधी उगवते. म्हणून तिथली घड्याळं आपल्याहून दीड तास पुढं."

शालिग्रामनं त्यांना आणखी दोनदा गोल फिरवायला लावला. मग तो थेट जनकाबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्या तूर पाखडत होत्या.

"काकू, विमानाले सव्वादोनच तास लागले. तिथं उतरल्यावर त्याले घड्याळ दीड तास पुढं करा लागलं."

जनकाबाईंचं सूप थांबलं. "म्हंजे पोराचे दीड तास गेले?"

"गेले."

"येताना वापस भेटतीन?"

हे शालिग्रामनं मास्तरांना विचारलंच नव्हतं. त्यानं मनातल्या मनात गोल उलटा फिरवून पाहिला.

"भेटतीन. पुरे दीड तास."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तिथंच ठेवून घेतात."