मफलरातला स्फटिक

"लांब शेपटीचा त्यो न्यूट्रॉन, आखूड शेपटीचा गॅमा." यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेकडे बोट दाखवत आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई मामा हे इतक्या ठामपणे सांगत की विद्यार्थी पुस्तक मिटून त्यांच्याकडेच बघत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. मामा पाथर्डीकडचे. दोन्ही किरणांनी स्फटिकात चमक उठते, पण न्यूट्रॉनची सावकाश विझते, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

त्यांचा सगळा जीव आमच्या एकुलत्या एक स्फटिकावर. हाताच्या उबेनंही तडकेल, म्हणून ते तो स्वतःच्या मफलरात गुंडाळून ठेवत आणि हिवाळाभर उघड्या कानांनी कामावर येत.

एका डिसेंबरात मी स्फटिकाची तुलना नव्याने आलेल्या, तशीच चमक देणाऱ्या द्रवाशी केली. द्रवात दोन्ही किरणांची पार सरमिसळ झाली. स्फटिक सरस, असं मी अहवालात लिहूनही टाकलं. मामा खूश होतील असं मला वाटलं.

"फाडा त्यो कागद, सर," ते म्हणाले. "त्या द्रवात हवा हाय, ती शेपटी खाती. मागचे सर असल्या द्रवात आधी नायट्रोजन सोडून ती काढायचे. तुमी ती न काढताच मोजलं."

त्यांनीच नळी लावली आणि अर्धा तास बुडबुडे सोडले. पुन्हा मोजलं, तर शेपट्या लख्ख वेगळ्या झाल्या. द्रव स्फटिकाच्याही पुढे गेला.

मी कागद फाडला. मामा तोवर स्फटिक गुंडाळायला लागले होते.

"मामा, आता तरी मफलर तुम्ही घ्या. थंडी आहे."

"हारला म्हनून काय उघडा ठिवायचा व्हय?"