भाऊसाहेब आत आले की डिस्क जायची

आधीच सांगते, असलं काही मानणारी बाई मी नाही. देवळाली प्रवराला माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. मशीनने कितीही नखरे केले तरी शेवटी कुठेतरी सैल झालेली वायरच निघते, हा आजवरचा अनुभव. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी क्लास रिकामा होता. आमच्या गल्लीतल्या सुनंदा वहिनी आल्या. त्यांचे मिस्टर, संतोषभाऊ, लग्नाचं शूटिंग करायचे. त्याच्या आदल्या वर्षी राहुरी रोडला मोटरसायकल घसरून वारले. थोरले दीर भाऊसाहेब त्याच गाडीवर होते, पण त्यांना नुसतं खरचटलं. गाडी संतोषच चालवत होता, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं.

वहिनींनी पिशवीतून हार्ड डिस्क काढली. "घरचे समदे व्हिडिओ यात हायेत, मॅडम. बारकी बापाचा आवाज इसरायला लागली. पन ही कुटल्याच कॉम्प्युटरला दिसंना."

भाऊसाहेबच त्यांना गाडीवर घेऊन आले होते. ते मागे खुर्चीत बसले.

डिस्क लावली. लाईट लागला, हात ठेवला तर आत फिरल्याचं जाणवत होतं, पण स्क्रीनवर काहीच नाही. केबल बदलली, मागच्या पोर्टला लावली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. जोडलेल्या सगळ्या डिस्क जिथे दिसतात, त्या डिस्क मॅनेजमेंटमध्येसुद्धा नाव नाही. मनात म्हटलं, गेली ही.

"मी च्या सांगून येतो," म्हणत भाऊसाहेब बाहेर पडले आणि... टिंग! ड्राईव्ह उघडला. पहिलंच फोल्डर मुलीच्या वाढदिवसाचं. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

भाऊसाहेब चहा घेऊन आत आले आणि विंडो आपोआप बंद झाली. डिस्क गायब.

योगायोग म्हणाल तर मीही तेच म्हटलं. पण ते फोन घ्यायला बाहेर गेले — डिस्क आली. परत आले — गेली. मग मात्र मला संशय आला, आणि तो डिस्कचा नाही, त्यांचा. लोहचुंबक वगैरे काही आणलंय का यांनी? हे व्हिडिओ कुणी बघू नयेत असं वाटतंय का यांना?

"दादा, खिशातलं सगळं जरा बाहेर ठेवता का?"

मोबाईल, किल्ली, तंबाखूची पुडी... सगळं पायरीवर ठेवून ते रिकाम्या हाताने आत आले. डिस्क गेलीच.

"माज्यावर डाऊट घेता व्हय, मॅडम?"

"नाही हो, मशीनचं बघतेय," मी म्हटलं. पण वहिनी मशीनकडे बघतच नव्हत्या. त्या भाऊसाहेबांकडे बघत होत्या.

शेवटी त्यांना बाहेर बसवलं आणि सगळा डेटा पेन ड्राईव्हवर घेतला. एकदाही अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी सांगत आल्या. पेन ड्राईव्ह घरच्या टीव्हीला व्यवस्थित चालला, भाऊसाहेब समोर बसलेले असतानाही! बारकी तर टीव्हीपुढून हलेना. मग जेवताना वहिनींनी एवढंच विचारलं, "दादा, त्या दिवशी गाडी कोन चालवत हुतं?"

ते ताटावरून उठून गेले.

वहिनींना विचारून मी सगळे व्हिडिओ पाहिले. भाऊसाहेबांविरुद्ध काही सापडेल असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? काही नव्हतं. दोघे भाऊ ऊस खाताना, एकमेकांची टिंगल करताना. नगरला एका जाणकाराला डिस्क दाखवली, तो म्हणाला एकदम ठणठणीत आहे.

थोड्या दिवसांनी भाऊसाहेब गाडीवर एकटेच आले. पायरीखालीच थांबले. मी आत बोलावलं, तरी आले नाहीत.

"मॅडम, त्यात माज्याबद्दल काय वंगाळ हाय का?"

"नाही दादा. एक शब्दसुद्धा नाही."

"मंग?"

 ते गाडी तिथेच सोडून उन्हातून चालत घरी गेले.