मोठेबाबांनी मोडलेला सौदा

माझे मोठेबाबा गेले की त्यांना घालवलं, हे मला माहीत नाही.

कागदावर अपघात आहे. मोहफुलांचे दिवस, सकाळची वेळ. शेतावर जाताना सायकलला मागून गाडी लागली. गाडी सापडली नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काल त्यांची तेरवी झाली. तिथे जे घडलं ते पोटात ठेवून मला वरोऱ्याला परत जाता येणार नाही, म्हणून लिहितेय.

त्यांच्याकडे लायसनची बंदूक होती. धानात डुकरं घुसतात म्हणून आजोबांनी घेतलेली. तिने डुक्कर एकही मारलं नाही, गावाची झोप मात्र पुष्कळ मोडली. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा, संपलं की घरी.

मग मोठेबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्यांना मुलगा नाही, आणि मला बंदूक नको होती.

"इकून टाक बाप्पा, पोरी. तुह्या त्या मोबाईलवर."

जुन्या बंदुकांची एक साइट आहे, लायसनवालेच बोली लावतात. मी फोटो टाकले. चांगली बोली लागली. मी खूश.

मोठेबाबा म्हणाले, "मानूस पाह्यला नाई अजून."

"ऑनलाइन आहे मोठेबाबा. बोली संपली की दिल्यासारखंच असतं."

"बैल इकतानी आपन घेनाऱ्याचा गोठा पाह्यतो. हे तं बंदूक हाये."

त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या स्कूटीवर मागे बसून निघाले नागभीडच्या पुढे, गोठा पाहायला.

माणूस गोड होता. भाऊ भाऊ करत होता. खुर्च्या टाकल्या, चहा आणला, बिस्किटं आणली.

शेडच्या मागे तारेची वेटोळी पडली होती. बाजूला खुंट्या आणि रिकाम्या बाटल्या. आमच्याकडे हे लहान पोरालाही कळतं. डुकराच्या नावाने जंगलाच्या कडेला खुंट्यांवर बाटल्या बसवून तार लावतात, करंट सोडतात. मग येईल ते मरतं. चितळ, वाघ, कधी माणूसही.

मोठेबाबांनी विचारलं, "तार हाये तं बंदूक कायले पायजे?"

तो हसला. "तारेनं चामडी जळते ना, भाऊ."

भाजी करपते म्हणावं इतक्या सहज म्हणाला.

मोठेबाबांनी कप खाली ठेवला. "सौदा नाई."

"बोली झाली ना भाऊ. शब्द देल्ला तुमी."

"मोडला. चाल, पोरी."

बैलबाजारात मोठेबाबांनी कधी शब्द फिरवला नव्हता. मला वाटलं, त्यांना लाज वाटत असेल. घरी आल्यावर मोठ्या आईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, "भेव लागलं व मले."

साइटवर आम्हाला एकच स्टार मिळाला. खाली कमेंटा. फालतू सेलर. ऐनवेळी पलटी मारणारे लोक.

"एकच चांदनी देल्ली का?" असं विचारून मोठेबाबा हसत. मला हसू येत नव्हतं, कारण त्या माणसाचे फोन सुरू झाले होते.

आधी बोली वाढवून. मग नुसतंच, "तब्येत कशी हाये भाऊ? वावरात एकटेच जाता का?"

त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि जंगलखात्याच्या बीटगार्डला तारेचं सांगितलं. गार्ड पोचला तेव्हा शेडच्या मागे झाडूनपुसून स्वच्छ होतं.

त्याच दिवशी फोन. "फारेष्टवाल्याले काऊन सांगतलं भाऊ? आमाले बोलले असते."

मी म्हटलं, पोलिसात तक्रार देऊ.

"तब्येत इचारली म्हनून तक्रार देशीन?"

तक्रार दिली नाही. अजूनही नाही.

मग ती सकाळ.

मोहफुलं वेचणाऱ्या बायांना एवढंच आठवतं की गाडी पांढरी होती. त्याची पांढरी आहे. अर्ध्या जिल्ह्याची पांढरी आहे. मी कोणाचं नाव घेत नाहीये.

काल तेरवीला तो आला.

पंगतीत बसला. पोटभर जेवला. वरण परत मागून घेतलं. मग मोठ्या आईसमोर हात जोडून म्हणाला, "बाई, लय चांगला मानूस होता. बंदूक आता तुमच्या नावावर येईन. मी थांबतो. घाई नाई."

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

मोठ्या आईने त्याच्या हातावर सुपारी ठेवली, पाहुण्याला देतात तशी.

"ते नाई म्हनून गेले. माहं बी नाईच हाये. आता इथी येऊ नोको, बापू."

तो सुपारी तोंडात टाकून निघून गेला.

तर हे वाचणाऱ्या सगळ्यांनी ऐका. बंदूक विकायची नाही. ती सरकारजमा करून मोडीत काढा, असा अर्ज आज मोठ्या आईच्या अंगठ्याने कलेक्टर ऑफिसला गेला. कोणाला हवं असं त्या घरात आता काही नाही.

फक्त मोठी आई आहे. वरोऱ्याला चल म्हटलं तर म्हणते, "गायी-बैलाचं कोन पाहीन?"

आमच्या गावावरून जाणारे कोणी असाल तर गाडी थांबवा. तिला हाक मारा, पाणी मागा. चारचौघांना दिसेल असं.

मोठेबाबा, रामराम घ्या.

मोठ्या आईची काळजी करू नका, असं म्हणायचं होतं. म्हणवत नाही.