साडूभाऊंच्या कानातले बोळे

भित्रेपणाची जर कुठे गादी असती तर तिच्यावर आमच्या साडूभाऊंनाच बसवावं लागलं असतं, आणि गादीखाली साप नाही ना हे पाहिल्याशिवाय ते बसले नसते. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला पाव्हनं. मूळचे वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातले. पण गेली तीस वर्षं भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत. बंद पडलेला माग चालू करून देणारा मिस्त्री म्हणजे जॉबर. अंगाने चांगले उंचपुरे, पंजा असा की त्यात माझे दोन्ही हात मावतील. पण लग्नाच्या पंगतीत पान वाढून झाल्यावर हा माणूस मान वर करून बघतो, डोक्यावर पंखा असला तर पानासकट उठतो आणि भिंतीकडेला जाऊन बसतो. घरातला सिलिंडर ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बंद केला की हे पुन्हा बंद करतात, मग हुंगतात, मग ताईंना हुंगायला लावतात. गावापासून गरम पाण्याची कुंडं चालत जाण्याच्या अंतरावर, लांबून लांबून माणसं तिथे अंघोळीला येतात, पण यांनी जन्मात तिथे पायाचा अंगठासुद्धा बुडवलेला नाही. “पान्याखाली आग हाय, पाव्हनं. ती आजच वाढायची न्हाय कशावरून?” आणि हाच माणूस धडधडणाऱ्या मागाच्या पोटात बिनधास्त हात घालतो. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, “माग डोल्यासमोर हाय. जे दिसतं त्याला कशाला भ्यायचं?”

त्यांची भीती सगळी न दिसणाऱ्या गोष्टींची. तिला बरीच वर्षं कान सापडला नव्हता, हे नवलच म्हणायचं. त्यांच्या कारखान्यात मी एकदाच गेलो होतो. पत्र्याच्या एका शेडमध्ये चाळीसेक माग एकदम चालू. सुताचा धोटा इकडून तिकडे आपटतोय, तिकडून इकडे आपटतोय, आणि त्या खटखटाटात सगळी माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांनी शांतपणे संसाराच्या गप्पा मारताहेत. मी पाच मिनिटांत बाहेर आलो तरी संध्याकाळपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत होती. दादांना त्याचं काहीच वाटायचं नाही. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडली. ज्या म्हाताऱ्या उस्तादांकडून ते हे काम शिकले, ते कारखान्याच्या दारातून चालले होते. मागून एक टेम्पो उलटा येत होता, हॉर्न वाजवत होता, दादा स्वतः ओरडत होते. उस्तादांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांना काही ऐकूच आलं नाही. नशिबाने पायाच्या हाडावर निभावलं. पण इस्पितळात उस्ताद दादांना म्हणाले, “बेटा, मुझे तो लगा था आज कारख़ाना बंद है। इतनी ख़ामोशी थी।” ते ऐकून दादा घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

त्यानंतर भीतीने त्यांच्या कानात बिऱ्हाडच केलं. आणि तिला घर लावून देणारा मी. मी भिवंडीजवळ पूर्णाला एका मोठ्या गोदामात कामाला आहे. तिथे सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला कानात घालायचे स्पंजाचे नारिंगी बोळे वाटले. मी माझी जोडी दादांना नेऊन दिली. त्यांनी ते खुर्चीवर ताठ बसून, देवाचं नाव घेऊन कानात घातले, आणि क्षणभराने डोळे विस्फारून मला म्हणाले, “पाव्हनं, हितं कारखाना न्हाय, काय न्हाय. मंग हा माग कुठं चाललाय?”

“कसला माग?”

“धाड, धाड, धाड. बंद व्हत न्हाय.”

मी जवळ जाऊन एक बोळा काढला आणि सांगितलं, “दादा, ते तुमचं काळीज आहे. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला ऐकू येतो.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं काळीज आपलं आपलं चालत होतं. आता त्याच्यावर नजर ठेवणं आलं. प्रत्येक ठोक्यानंतर ते पुढच्या ठोक्याची वाट बघायचे. बोळे घालून फरसाण खाल्लं तर डोक्यात खडीचा डंपर रिकामा होतोय असं वाटायचं, म्हणून फरसाण बंद झालं. तरी बोळे त्यांनी सोडले नाहीत, कारण उस्तादांची ती ‘ख़ामोशी’ त्याहून भयंकर होती. कारखान्यात पोरं हसली. एकाने विचारलं, “जॉबरसाब, कान में गाजर बो दिया क्या?” दादा म्हणाले, “हँस लो। बाद में पता भी नहीं चलेगा कौन हँस रहा है।” पुढे महिनाभर त्या पोराने त्यांच्याकडे बघून हसायचं टाळलं, असं ऐकतो.

पण कान काही ऐकेना. बोळा निसटून पडेल या भीतीने दादा तो अंगठ्याने आत आत दाबायचे, मग तो बाहेर येणार नाही या भीतीने उपसायचे. तिसऱ्या आठवड्यात कान दुखायला लागला. मग खाजायला लागला. मग त्यात चावी गेली, काडी गेली, कोणीतरी सांगितलं म्हणून लसणीचं गरम तेल गेलं. बोळ्यात जंतू होतील म्हणून ते रोज संध्याकाळी कपड्याच्या साबणाने बोळे धुवायचे आणि ताईंच्या साडीशेजारी दोरीवर चिमट्यात अडकवायचे. मी आणखी दहा जोड्या आणून दिल्या, तर त्या स्टीलच्या डब्यात बंद. का, तर पुढे मिळाल्याच नाहीत तर? जुनीच जोडी दोन महिने चालली. मला रोज फोन. “पाव्हनं, डावा कान उजव्यापेक्षा गरम लागतोय.” दुसऱ्या दिवशी, “आज उजवा गरम हाय.” मी हसण्यावारी नेत गेलो. ते नेलं नसतं तर बरं झालं असतं.

एका शुक्रवारी सकाळी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ताईंचा फोन आला. “भाऊजी, लवकर या. हे मान वाकडी करून भिंतीला धरून उभे आहेत. सरळ करत नाहीत आणि बोलतही नाहीत.” मी धावत गेलो. दादा उजवा कान जमिनीकडे करून उभे होते आणि तळहातावर नारिंगी बोळा होता. अर्धाच. उरलेला अर्धा कानात. आदल्या दिवशीच्या शिफ्टनंतर काढताना तुटला होता, आणि घरात घबराट नको म्हणून ते रात्रभर त्याच कुशीवर पडून राहिले होते. आता उजव्या कानाने काहीही ऐकू येत नव्हतं. ओठ न हलवता ते कुजबुजले, “सरल झालो तर मेंदूत जाईल.”

जवळच काल्हेरला कानाच्या एक डॉक्टर बाई होत्या. रिक्षा केली. दादा उजव्या बाजूला बसले, कारण कान खाली ठेवायचा तर तिकडेच झुकावं लागत होतं, आणि झुकता झुकता त्यांचं डोकं रिक्षाच्या बाहेर आलं. त्या रस्त्यावर गोदामांचे कंटेनर विताच्या अंतरावरून जातात. मी ओरडलो, “दादा, डोकं आत घ्या!” ते म्हणाले, “आत घेतलं तर तुकडा आत जाईल.” शेवटी त्यांचं डोकं मी दोन्ही हातांनी धरून मांडीवर दाबून ठेवलं, तोंड माझ्या पोटाकडे, उजवा कान खाली. खड्डा आला की ते “भैया, धीरे!” म्हणत आणि मी डोळे मिटत होतो. एक कंटेनर अगदी कानाशी येऊन हॉर्न वाजवून गेला. मी दचकलो. दादा मांडीवरून हळूच म्हणाले, “लांबून गेला न्हाय?” बोळे मी आणले होते. फोन मी हसण्यावारी नेले होते. या माणसाचा कान गेला असेल तर मी ताईंना काय तोंड दाखवणार होतो?

डॉक्टर बाई वयाने लहान, पण धीराच्या होत्या. म्हणाल्या, “काका, कान आरपार नसतो. आत पडदा असतो. मेंदूत काही जात नाही.” दादांनी लगेच विचारलं, “पन पडदा फाटला तर?” बाईंनी सरळ चिमटा घातला. दादांनी माझं मनगट इतकं आवळलं की त्याचे वळ दोन दिवस राहिले. डाळीएवढा नारिंगी तुकडा बाहेर आला, त्यामागून तेलात मुरलेल्या मळाचा गोळा. दादा दचकून ताठ बसले आणि म्हणाले, “पंखा किती आवाज करतोय! पडनार तर न्हाय?” मला इतकं बरं वाटलं की मीही वर बघून घेतलं.

मग बाईंनी त्यांना नव्या बोळ्यावर धडा दिला. हात धुवायचे. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. टोक बाहेर राहिलं पाहिजे. मळला किंवा विरला की फेकून द्यायचा. कानात तेल नाही, लसूण नाही, चावी तर अजिबात नाही. “आणि हे माप तुमच्या कानाला मोठं आहे, म्हणून दुखत होतं. लहान मिळतं.” दादा चकित झाले. “कानाला माप असतं? चपलेसारखं?” आतून सूज होती, म्हणून आठ दिवस कानात काही घालायचं नाही आणि कारखान्यातही जायचं नाही, असं ठरलं. सूज उतरली की कान तपासायला बोलावलं.

ते आठ दिवस दादांनी घरातला प्रत्येक आवाज तपासला. नळ, कुकर, कडी, शेजारच्यांचा मिक्सर. एका कानाला बोट, मग दुसऱ्या कानाला बोट. तपासणीच्या दिवशी त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्याला यंत्र लावलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. दादा लागले दाबायला. बाई म्हणाल्या, “काका, आवाज आल्यावर.”

“येतोय की.”

“मी अजून सुरूच केलेलं नाही.”

एखादा आवाज चुकू नये म्हणून ते आधीच दाबून ठेवत होते. काचेबाहेर उभा राहून मी हसलो. मग तपासणी खरी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की दादांचा अंगठा बराच वेळ हललेला नाही. बाई यंत्राचं बटण फिरवत होत्या, आणखी फिरवत होत्या. आत दादा मान पुढे काढून, कपाळावर घाम, एकटक समोर बघत बसले होते.

बाहेर आल्यावर बाईंनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. बारीक, वरच्या सुराचे आवाज दोन्ही कानांना कमी येत होते. “बोळ्यामुळं?” दादांनी विचारलं. “नाही काका, लूममुळे. फार वर्षांचं आहे. बोळे नीट घातलेत तर आहे ते टिकेल.” दादा म्हणाले, “गेलं ते परत येतं?” बाईंनी नकारार्थी मान हलवली. पंख्याला, सिलिंडरला, गरम पाण्याला घाबरणाऱ्या या माणसाने तो कागद बाईंकडून मागून घेतला. कागदाची नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. परतताना रिक्षात ते सरळ बसले होते, आणि खड्ड्यांना एकदाही “भैया, धीरे” म्हणाले नाहीत. त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी ताई दारातच उभ्या होत्या. दादा चपला काढता काढता म्हणाले, “थोडं गेलंय म्हनं.”

“मला माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

दादांनी वर पाहिलं. “दोन वर्सं?”

“हळू बोललं की तुम्ही नुसतं ‘हां’ म्हणायला लागलात. मग मी मोठ्याने बोलायला लागले. शेजारचे म्हणतात, हल्ली तुम्ही फार भांडता.”

“मंग सांगितलं का न्हाय?”

“तुम्ही घाबरला असतात.”

दादा खाटेवर बसले. मी निघायला उठलो, तर मला हाताने बसवलं. मग म्हणाले, “एकदा पयल्यासारखं बोल. पयलं बोलायचीस तसं.” ताई माझ्याकडे बघून लाजल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून, मी कधी ऐकलाच नव्हता अशा हलक्या, मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “चहा टाकू का?”

दादा पुढे झुकून ऐकत होते. जरा थांबून म्हणाले, “टाक. आलं जास्त घाल.”

ताईंनी वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ती वेळ रोजच्या चहाचीच होती. दादांना खरंच ऐकू आलं की त्यांनी अंदाजाने सांगितलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारायला मलाच भीती वाटते.