सुताचा पट्टा

आईचा रेकॉर्ड प्लेअर आज पुन्हा बंद पडला. झाकण उघडलं, जुन्या ग्रीसचा वास आला आणि मी थेट महाल वस्तीतल्या आमच्या लहानपणीच्या खोलीत पोचले.

तेव्हाही आतला रबरी पट्टाच तुटला होता. काका म्हणाले, "भंगारात देऊन टाका याले." आई विणकरांची लेक. तिनं मागाच्या सुताला पीळ देऊन पट्टा केला, विणकरी गाठ मारली. गाठ चाकावरून गेली की गाण्याला उचकी लागायची. काका हसले.

"फिरून राहिलं न, भाऊजी? मंग हसता काहून?" म्हणत आईनं आवाज वाढवला.

तेव्हा मला फक्त उचकी ऐकू आली होती. तो वाढवलेला आवाज आता ऐकू येतो.

मुलानं आणलेला नवा पट्टा डबीतच आहे. मी सुताला पीळ देते आहे. उचकी ज्याला खुपेल, त्यानं दुसऱ्या खोलीत बसावं.