माग थांबल्याचा आवाज

"बाई, आता श्वास घेऊ का?" महादेवीनं माइकसमोरून विचारलं.

मी टेपरेकॉर्डर बंद केला. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

सत्तरच्या दशकातले दिवस. सोलापूरच्या पूर्व भागात मुलींच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होते. वर्गाच्या खिडक्यांवर मी सोलापुरी चादरी टांगल्या होत्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. आत नववीच्या मुली, मी आणि एप्रिल महिना. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त होता. हवा आत यायची थांबली. आवाज आला.

तो आवाज यंत्रमागांचा होता. शाळेच्या तिन्ही बाजूंनी घराघरांत माग होते आणि सकाळपासून त्यांचं खटॅक-खट, खटॅक-खट चालायचं. माझ्या नाटकाचं नाव होतं 'तळ्याकाठची पहाट'.

हे नाटक का, ते सांगते. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये तेव्हा एक टेपरेकॉर्डर फिरत होता. दोन मोठ्या चकत्या, म्हणजे स्पूल. एका स्पूलवरची फीत दुसऱ्यावर गुंडाळली जायची आणि मधे आवाज टिपला जायचा. मुलींनी स्वतःच्या कल्पनेनं पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा. ज्या शाळेचा सगळ्यात चांगला, तिला यंत्र कायमचं मिळणार. मी पुण्याला प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं 'सर्जनशीलता' हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की तो मला आलाच असं मी धरून चालले. आणि मुलींच्या सर्जनशीलतेसाठी नाटक मी स्वतः लिहून काढलं. त्यात राजकन्या होती, हंस होते, 'हे प्राचीवरील अरुणिमे' असं एक वाक्य होतं. ते म्हणताना महादेवीला दर वेळी धाप लागायची.

पद्माला मी पक्षी केलं होतं. तिच्या घरी तेलुगू. मराठीत ती 'तो' आणि 'ती' यांची सरमिसळ करायची, मुली हसायच्या, म्हणून ती वर्गात तोंडच उघडायची नाही. पक्ष्याला संवाद नव्हते. मला वाटलं, केवढी सोय केली आपण पोरीची.

त्या दिवशी सातव्यांदा फीत मागे फिरवताना मी वैतागून म्हणाले, "हे माग घटकाभर थांबत का नाहीत?"

"नको बाई," पद्मा म्हणाली.

सगळ्या वळून तिच्याकडे बघू लागल्या. ती लालबुंद झाली, पण बोलली. "आमच्या घरात चार माग आहे. आवाज चालू आहे तर मी झोपतो, अभ्यास करतो. बंद झाला की सगळे उठतात. काय झाला म्हणून बघतात. भीती वाटतो."

'झोपतो'वर एकजण फिसकन हसली. पण शकीला मधेच म्हणाली, "खरं हाय बाई. लाइट गेल्यावरच शेजारचं भांडण ऐकू येतंय की. एरवी कोण काय बोलतंय, काय कळतंय?"

"आमची आजी तर लाइट गेली की गाणं म्हणायला लागती," महादेवी म्हणाली. "कानडीत. माग चालू असताना पण म्हणत असणार. आमाला ऐकूच येत न्हाई."

मग एकेक सुरूच झाली. लाइट गेल्यावर कोणाचं बाळ उठतं, कोणाचे वडील शिव्या देतात, कोणाची काकू जिन्यात येऊन बसते. दोन आठवड्यांत त्या जेवढ्या बोलल्या नव्हत्या तेवढ्या दहा मिनिटांत बोलल्या. मी हातात 'तळ्याकाठची पहाट' धरून उभी होते. हंसांचं कोणीच नाव काढेना.

शेवटी मी विचारलं, "याचंच नाटक कराल?"

"तुमचं नाटक, बाई?" महादेवीनं भीतभीत विचारलं.

"ते राहू दे," मी म्हणाले. सोपं नव्हतं ते. अरुणिमेवर मी फार कष्ट घेतले होते.

मुख्याध्यापिका देवधरबाईंना हे पटवायला गेले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे चार भाषा आणि मागांची खडखड? बाई, ही मराठी शाळा आहे."

"मुलींच्या कल्पनेतून आलंय, बाई. सर्जनशीलता."

"सर्जनशीलता शुद्ध मराठीत होत नाही का?"

 शेवटी त्यांनीच होकाराची मान हलवली. "यंत्र दुसऱ्या शाळेला गेलं तर जबाबदारी तुमची."

मुलींनी नाटक रचलं. लिहिलं फार थोडं, बोलून बोलूनच ठरवलं. सुरुवातीला नुसते माग. मग लाइट जाते, माग थांबतात, आणि गल्ली एकमेकांना ऐकू लागते. मी ठरवलं, मागांचं थांबणं खरंखुरं टिपायचं. त्या काळात लाइट जायला फार वाट बघावी लागायची नाही. मी चादरी काढल्या, माइक खिडकीत ठेवला, मुलींना खुणेनं गप्प बसवलं आणि लाल बटण दाबून वाट बघत बसले. दुपारी लाइट गेली. माग थांबले. काय सुंदर शांतता पसरली! मी मुलींना हातानं इशारा केला, 'बोला!'

कोणी बोलेना.

"बाई," पद्मा हळूच म्हणाली, "मशीनला पण करंट लागतो."

टेपरेकॉर्डरच्या चकत्या कधीच थांबल्या होत्या. मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मी पुण्याचं प्रशिक्षण घेतलेलं आहे, हे त्यांना माहीत होतं.

वाट पद्मानंच काढली. चालत्या मागांचा आवाज आज घ्यायचा आणि मधेच बटण दाबून फीत तिथंच ठेवायची. मागांच्या सुट्टीच्या दिवशी तिथूनच पुढं बोलायचं. ऐकणाऱ्याला वाटणार, माग एकदम थांबले. तसंच केलं. बटण तिनं दाबलं, आणि पहिला संवादही तिलाच दिला, मुलींनी एकमतानं.

परीक्षक आले. पोक्त गृहस्थ होते, धोतर-कोट घातलेले. फीत लावली, कार्यक्रम सुरू झाला. खटॅक-खट, खटॅक-खट. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "यंत्र बिघडलंय का?" देवधरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. तेवढ्यात आवाज एकदम थांबला. देवधरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच, आता खरंच बिघडलं म्हणून. आणि त्या शांततेत पद्माचा आवाज आला, "करंट पोयिंदि!"

मग शकीला, "लाइट गई रे!" मग महादेवी, "करंट होतु!" मग कोणीतरी, "गेली बया!" बाळ रडलं, भांडण झालं, ते ऐकून पलीकडची हसली, आणि शेवटी महादेवीनं आजीसारखा आवाज काढून कानडीत अंगाईच्या दोन ओळी म्हटल्या. गल्ली गप्प झाली. फीत संपून चकती रिकामीच फिरत राहिली, तरी ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "त्या म्हातारबाईंना माझा नमस्कार सांगा." महादेवी ओढणीत तोंड लपवून हसली.

यंत्र मात्र आम्हाला मिळालं नाही. ते ज्या शाळेला गेलं तिनं संस्कृत श्लोक म्हटले होते, अगदी स्वच्छ. आमच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'आशय उत्तम. पार्श्वभूमीस मागांच्या आवाजाचा व्यत्यय.' देवधरबाईंनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. वर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी काय करायचं, ते मुलींनाच विचारा."

पद्मा त्यानंतर वर्गात बोलू लागली. 'तो' आणि 'ती' यांची सरमिसळ चालूच राहिली, पण तिला आता फिकीर नव्हती. दिवाळीपर्यंत ती इतकी बोलायला लागली की तिला मैत्रिणींपासून उठवून माझ्या टेबलासमोर बसवावं लागलं. तिथं बसून ती माझ्याशी बोलू लागली.

एवढ्यातून मी एकच शिकले. मुलींना काही सुचावं असं वाटत असेल, तर बाईंनी आधी आपलं लेखन आवरावं.