टाके आणि चेहरा

आरोग्य हा प्रत्येक नागरिकाचा जन्मसिद्ध हक्क आहे. हे वाक्य मी दोन्ही हातांनी छातीशी धरून पलंगावर बसले होते. वाक्य प्लास्टिकच्या पाटीवर छापलेलं, त्याखाली मार्करने माझं नाव आणि कार्डाचा नंबर. पाटीमागे अंगावर काही नव्हतं. डावा स्तन काढून तीन दिवस झाले होते.

मलकपेठेतलं खासगी हॉस्पिटल. सरकारी योजनेच्या काउंटरवरचा माणूस मोबाइल धरून समोर उभा होता. पडदा होता, पण पूर्ण ओढला की उजेड कमी पडतो म्हणून अर्धाच ओढलेला.

"अम्मा, पाटी जरा नीचे लो. टाँके दिखना."

मी पाटी खाली घेतली.

"मुँह उप्पर. मुँह भी दिखना."

मी मान वर केली. पलीकडच्या पलंगावरच्या बाईचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढी सभ्यता त्या खोलीत एकट्या त्याच्याकडे होती. मला रडू आलं, तेव्हा मोबाइलवाला अगदी चांगुलपणाने म्हणाला, "कायकू रोते अम्मा? कोई नै देखता. बस गवर्मेंट देखती."

सरकारने हॉस्पिटलला पैसे द्यायचे तर ऑपरेशन झाल्याचा पुरावा लागतो. चेहरा आणि टाके एकाच फोटोत. मी मान्य केलं. नियम असेल. सरकारी दवाखान्यात फोटो लागत नव्हता, पण तिथे तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली होती. गाठीला तेवढा धीर नव्हता.

टाके काढायच्या दिवशी सर्जनच्या दाराबाहेर एक बाई भेटल्या. तोच सर्जन, तोच आठवडा, तेच ऑपरेशन. फक्त त्या वरच्या मजल्यावर होत्या. नवऱ्याच्या कंपनीचा विमा. हात किती वर जातो, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे आम्ही एकमेकींना विचारत होतो. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमचा फोटो कोणी घेतला? बाई होती का?"

"कसला फोटो?"

मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. मग सोडला. वरच्या मजल्यावर सर्जनची सही पुरते.

तोवर मला वाटत होतं, फोटो कॅन्सरला लागतो.

मी नारायणगुड्यातल्या एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयात मदतनीस आहे. त्याच इमारतीतल्या सभागृहात माझे वडील वक्त्यांना पाण्याचे पेले नेऊन द्यायचे. मी वाचकांना पुस्तकं काढून देते. दोन पिढ्यांत एवढी प्रगती. वाचक कमी झाल्यामुळे पुस्तकं मीच वाचते.

चौथा केमो झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाने परिसंवाद ठेवला. 'आरोग्यविमा आणि शासनाची भूमिका'. खुर्च्या मी लावल्या, डोक्याला रुमाल बांधून. पहिले वक्ते निवृत्त अधिकारी, शहरातल्या जुन्या घराण्यातले. "फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही," ते म्हणाले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकारी खर्चाने बदलल्या आहेत. पण ते फुकट नसतं. त्याला सेवाशर्ती म्हणतात.

दुसरे वक्ते माझ्याच हॉस्पिटलचे संचालक. मराठी माणूस, मोठं नाव, हे मला पत्रिका वाटताना कळलं. त्यांचं म्हणणं असं की शासनाने विमा द्यावा आणि उपचार आमच्यावर सोडावेत. "आमच्याकडे स्कीमचा पेशंट आणि पॉलिसीचा पेशंट, काडीचा फरक नाही." मग त्यांनी पडद्यावर यशोगाथा दाखवायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्याचं हृदय. एका मुलीचा पाय. तिसरा फोटो मी.

डोळ्यांवर काळी पट्टी. पाटीवरचं नाव पुसट केलेलं. बाकी सगळं सहा फूट रुंद पडद्यावर होतं. आपलं अंग आपल्याला कळतं. पाटी धरलेली बोटं माझी होती, करंगळी वाकडी. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. पुरुष बघत राहिले. ते माहिती घेत होते.

मी मागच्या भिंतीशी उभी होते. तोंडातून निघालं, "तो फोटो माझा आहे."

सगळे वळले. सेक्रेटरींनी डोळे बारीक करून आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! आपल्या ताई! लाभार्थी आपल्या घरातच निघाल्या!" त्यांनी माइक हातात घेतला. "या ताई, वर या. दोन शब्द बोला."

आणि टाळ्या. खरंच टाळ्या वाजल्या.

मी पुढे गेले. आभार मानायला येते आहे असं सगळ्यांना वाटलं असणार. प्रोजेक्टरची वायर कुठे असते ते मला माहीत होतं, मीच लावली होती. ती मी उपसली.

"ताई, ओळख लपवलेली आहे," संचालक हळू आवाजात म्हणाले. "डोळे झाकलेत."

"माझे. या बघणाऱ्यांचे नाहीत."

आणखी बरंच बोलायचं होतं. इतकी पुस्तकं वाचली, पण त्या वेळी एवढंच आलं. वायर हातात घेऊन मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून निवृत्त अधिकाऱ्यांचा आवाज आला, "म्हणूनच म्हणतो मी, फुकट दिलं की..."

इतिवृत्त मीच लिहिते. मी जे झालं ते लिहिलं. सेक्रेटरींनी ते खोडून वर लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे व्याख्यान काही काळ खंडित झाले.'

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला अर्ज दिला. माझा फोटो सगळीकडून काढून टाका. आठवड्याच्या आत काढला. माझ्या नावावरचं काम इतकं झटपट झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग पाचव्या केमोच्या मंजुरीसाठी काउंटरवर गेले. तोच माणूस. संगणकात बघून त्याने डोक्याला हात लावला.

"अम्मा, फाइल में फोटूच नै है. आगे का कैसा पास होता?"

"सर्जनची सही आहे ना? वरच्या मजल्यावर तीच चालते."

"उप्पर का सिस्टम अलग है अम्मा. एक फोटू दे दो. दो मिनट का काम."

पुन्हा तेच. पाटी खाली, तोंड वर. आता टाके नाहीत, नुसता वण.

मी नाही म्हटलं आणि घरी आले. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने ऐकून घेतलं आणि भडकली.

"दे ना फोटो, आई! डोळे मिटून दे. तू गेलीस तर मी तुझ्या तत्त्वाचं काय लोणचं घालू?"

ती चूक बोलत नाही. ती रात्री रागाने जेवली नाही आणि मीही नाही, पण माझं पोट केमोपासूनच बिघडलेलं होतं म्हणून.

शासनाने विमा द्यावा की स्वतःचा दवाखाना नीट चालवावा, हे विद्वानांनी ठरवावं, त्यांना वेळ आहे. मी योजनेच्या कार्यालयात लेखी दिलं आहे. इलाज हवा, तो माझा हक्क म्हणूनच मागते. ज्या सर्जनने कापलं त्याची सही वरच्या बाईंसाठी खरी असेल, तर माझ्यासाठीही खरी धरा. अंग उघडं करून मी पुन्हा खरेपणा सिद्ध करणार नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा देईन. त्यानंतर पुन्हा. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण लिहिता येतं.

अर्जाची पोच मिळाली आहे. निर्णयाला पंचेचाळीस दिवस लागतात.

पाचव्या केमोची तारीख गेल्या गुरुवारी होती. आज मंगळवार आहे.